उजेडाने कॅन्सरवर उपचार : धाराशिवहून निघण्याआधी करायचा हिशेब

रुग्णाचं वजन ७४ किलो आहे की ७८, एवढ्या फरकाने बिलात औषधाची एक अख्खी बाटली वाढू शकते. मेंदूतल्या ग्लायोमा जातीच्या गाठीचं ऑपरेशन असेल तर त्याआधी ‘५-एएलए’ नावाचं औषध पाण्यात विरघळवून प्यायला देतात. प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅम, बाटली दीड ग्रॅमची. म्हणजे ७५ किलोपर्यंत एक बाटली पुरते. त्यापुढे तीन किलो जरी जास्त भरले तरी दुसरी फोडावी लागते, आणि एकदा कालवलेलं औषध दिवसभरातच संपवायचं असतं. त्यामुळे उरलेलं वाया, पैसे मात्र पूर्ण. दाखल करून घेताना वजन काट्यावर घेतलंय की जुन्या कागदावरून उतरवलंय, हे नातेवाइकांनी उभं राहून बघावं ते यासाठी.

औषध द्यायचं, ते रोगट पेशींत साचू द्यायचं आणि मग त्यावर ठरावीक रंगाचा उजेड टाकायचा, अशी ही पद्धत. निळ्या उजेडात रोगट भाग लालसर चमकतो, त्यातून निदानाला मदत होते. लाल उजेडात तशाच औषधाने त्या पेशी मरतात, तो झाला उपचार. डॉक्टर त्याला फोटोडायनॅमिक थेरपी किंवा नुसतं पीडीटी म्हणतात. धाराशिव जिल्ह्यात हा नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही. चौकशी करायची तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतच करावी लागते. माझं मत आधीच सांगून टाकतो. थोड्या रुग्णांसाठी हा उपचार खरोखर कामाचा आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक कॅन्सर रुग्णांनी त्याच्या मागे लागून जमिनीचा तुकडा काढायची गरज नाही.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. गावाकडे रेडिएशनलाही ‘लाईट दिली’ किंवा ‘शेक दिला’ असं म्हणतात. ते यंत्र वेगळं, त्याचे किरण शरीरात खोलवर जातात आणि त्याचं पॅकेज सरकारी योजनेत आहे. तेव्हा शेजारच्याने ‘आमच्या तात्यांना बार्शीत लाईट दिली, फुकटात झालं’ असं सांगितलं तर ते बहुधा रेडिएशनबद्दल बोलत असतात. फाइलवर रेडिओथेरपी लिहिलंय की फोटोडायनॅमिक, ते वाचून घ्या आणि पुढची चौकशी त्याच नावाने करा.

उजेड किती खोल जातो, त्यावर सगळं

मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर बोट ठेवा. पलीकडून जो उजेड दिसतो तो लाल असतो, कारण बाकीचे रंग मांसात आणि रक्तात लवकर अडतात. उपचारासाठी लाल उजेड वापरतात तो याच कारणाने. पण लाल उजेडाचीही मजल काही मिलिमीटरची, फार तर सेंटिमीटरभराची. त्याच्या पलीकडे गाठ असेल तर औषध तिथे पोचूनही उपयोग नाही. शिवाय पेशीत ऑक्सिजन लागतो. औषध, उजेड आणि ऑक्सिजन हे तिन्ही एका जागी आले की ऑक्सिजनचं एक अतिजहाल रूप तयार होतं आणि ते त्या पेशीला आतून जाळतं. म्हणून पातळ, वरवरच्या, डोळ्यांना किंवा दुर्बिणीला दिसणाऱ्या रोगावर हे चालतं. यकृतात पसरलेल्या, हाडात गेलेल्या, रक्ताच्या कॅन्सरला चालत नाही. ‘आमचा उजेड सगळ्या शरीरातला कॅन्सर शोधून मारतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून चप्पल घालून उठावं.

कोडाच्या डागांवर बावची लावून उन्हात बसवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. औषध आणि उजेड एकत्र वापरायची कल्पना तेवढी जुनी. कॅन्सरच्या अंगाने मात्र तिची सुरुवात १९०० च्या सुमाराला म्युनिकमध्ये झाली. ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याला दिसलं की एका रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्म जीव उजेडात मरतात, अंधारात जगतात. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो शहरात थॉमस डोहर्टी यांनी ते रुग्णांपर्यंत आणलं. कॅनडाने १९९३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि अमेरिकेने १९९५ मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी फोटोफ्रिन या औषधाला मान्यता दिली. उपचार नवा नाही. ‘अगदी नवीन शोध आहे, म्हणून महाग आहे’ हे कारण कुणी दिलं तर हा इतिहास लक्षात असू द्या.

निदानासाठी उजेड : कुठे पैसे द्यावेत

मेंदूच्या ऑपरेशनमध्ये ५-एएलएचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे. भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी रुग्ण औषध पितो. मग सर्जन सूक्ष्मदर्शकाचा उजेड निळा करतो आणि नेहमीच्या मेंदूसारखाच दिसणारा गाठीचा काठ लाल-गुलाबी दिसू लागतो. जर्मनीत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या औषधाने दिसणारी गाठ पूर्ण काढता आलेले रुग्ण ६५ टक्के निघाले, नेहमीच्या उजेडात ३६ टक्के. सहा महिने गाठ पुन्हा न वाढलेले रुग्ण ४१ टक्के विरुद्ध २१ टक्के. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जनांनीही यावर काम केलंय. इथे विचारायचं एवढंच : ‘गाठ वरच्या दर्जाची वाटते का, आणि तुमच्या सूक्ष्मदर्शकाला निळ्या उजेडाची सोय आहे का?’ सोय नसलेल्या ठिकाणी औषध पाजलं तर ते पैसे पाण्यात गेले. आणि या औषधाने गाठ फक्त दिसते. रेडिएशन आणि केमो त्यानंतरही घ्यावे लागतात, त्यांचा खर्च वेगळा धरा.

मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये याच कुळातलं औषध नळीने मूत्राशयात सोडतात, तासभर ठेवतात आणि निळ्या उजेडाच्या दुर्बिणीने बघतात. नेहमीच्या उजेडात निसटणारे सपाट डाग त्यात सापडतात. लघवीतून रक्त जातंय आणि दुर्बिणीत काहीच दिसत नाही, किंवा गाठ काढूनही पुन्हा पुन्हा होते, अशा वेळी हा जादा खर्च समजण्यासारखा आहे. पहिल्याच साध्या तपासणीला तो कुणी गळ्यात मारत असेल तर कारण विचारा.

दाताच्या दवाखान्यात तोंडात निळा उजेड टाकून ‘कॅन्सर स्क्रीनिंग’ करतात, त्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी आधीच लाल झालेलं, सुजलेलं तोंड त्या उजेडात बऱ्याचदा संशयास्पद दिसतं. शेवटी तुकडा काढून तपासावाच लागतो. उजेड कुठून तुकडा घ्यायचा ते सांगू शकेल. कॅन्सर आहे की नाही ते बायोप्सी सांगते. मग मधल्या पायरीला वेगळे पैसे का मोजायचे? तीस वर्षांपुढच्या स्त्री-पुरुषांची तोंडाची तपासणी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट होते. बॅटरी, लाकडी पट्टी आणि बघणाऱ्याचा सराव यांवर ती चालते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरणारी जखम, किंवा तीन बोटं उभी आत जात नाहीत इतकं तोंड आखडणं, यातलं काही असेल तर तिथून सुरुवात करा.

तोंडाचा कॅन्सर आणि अलीगढचं काम

आपल्या भागातल्या वाचकाला सगळ्यात जवळचा प्रश्न तोंडाचा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. पीडीटीची साधनं महाग, लेसरवाली आणि मोठ्या शहरात अडकलेली. हे बदलता येईल का, याचा एक प्रयत्न उत्तर प्रदेशात झाला. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर एलईडीवर चालणारं, सहज उचलून नेता येणारं यंत्र वापरलं. गाठ कुठवर आहे हे पाहायला मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बसवलेलं साधन घेतलं. गालाच्या आतल्या बाजूचा अगदी सुरुवातीचा कॅन्सर असलेले ३० रुग्ण निवडले, त्यांतले काही खेड्यांतल्या शिबिरांतून आलेले. त्यांना ५-एएलए पाजून ६३५ नॅनोमीटरचा लाल उजेड दिला, दर चौरस सेंटिमीटरला १०० ज्यूल. चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट इतका उजेड धरला तर एवढ्या मात्रेला सतरा मिनिटं लागतात. एवढा वेळ तोंड उघडं ठेवायचं. उपचार पुरे केलेल्या २९ जणांपैकी २२ जणांची गाठ पूर्ण गेली, काहींना एकाहून जास्त वेळा उजेड घ्यावा लागला.

यात आशा वाटावी असं बरंच आहे. गालाची कापाकापी नाही, व्रण फारसा राहत नाही, तोंड उघडायला त्रास कमी. पण उरलेल्या सात जणांची गाठ पूर्ण गेली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. आणि रुग्ण तीसच होते.

दुसरी गोष्ट मुंबईतली. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेत हाताला गाठ लागत नाही, अशा रुग्णांत गाठीबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. ‘नंतर आल्या तर काढू’ म्हणून थांबलेल्यांत ६७.५ टक्के. गालावर टाकलेला उजेड मानेपर्यंत पोचत नाही. त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरला पीडीटी सुचवणाऱ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘मानेचं काय?’ हा विचारा. गाठ किती मिलिमीटर खोल आहे हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. तो आकडा त्यांच्यासमोर ठेवून विचारा. समाधानकारक उत्तर आलं नाही तर ऑपरेशन हाच रस्ता, आणि तो योजनेत बसतो.

कॅन्सर नसलेल्या पण त्या वाटेवर असलेल्या पांढऱ्या चट्ट्यांवरही पीडीटी वापरतात. तिथे तंबाखू आणि मिश्री सुटणार नसेल तर कुठल्याही रंगाच्या उजेडावर खर्च करू नये.

अन्ननलिका बंद होऊन घास उतरत नाही, श्वासनलिकेत गाठ अडकली आहे, पित्तनलिकेत कॅन्सर आहे, अशा वेळी पीडीटीने वाट मोकळी करता येते. त्याने रोग जात नाही, गिळणं किंवा श्वास काही काळ सुसह्य होतो. तेच काम जाळीदार नळीही करते, जिला डॉक्टर स्टेंट म्हणतात. दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी लिहून मागा. नेट धुंडाळताना पीडीटीच्या नावाने डोळ्यांची रुग्णालयंही समोर येतील. ते पडद्यामागच्या आजारांसाठीचं वेगळं औषध आहे. मुरुमांसाठी चेहऱ्यावर करतात ती पीडीटीही वेगळी. त्यांच्या जाहिरातीतला दर कॅन्सरला लावून बघू नका.

बिल कसं तयार होतं

आयात औषधाचा भाव डॉलर आणि वितरक यांच्याबरोबर हलतो, म्हणून फोनवर ऐकलेला आकडा धरून गाडी पकडू नका. ‘पॅकेज किती?’ असं विचारलं की एकच गोल आकडा मिळतो. त्याऐवजी पाच ओळींचं लेखी अंदाजपत्रक मागा : औषध किती बाटल्या आणि प्रत्येकीची छापील किंमत; उजेड किती वेळा देणार; उजेडाची बारीक तार एकदाच वापरायची की पुन्हा वापरायची आणि तिचे पैसे कुणाच्या माथी; दुर्बीण, भूल आणि खोलीचे पैसे; नंतरची तपासणी आणि बायोप्सी.

फोटोफ्रिनचं उदाहरण घ्या. प्रमाण किलोमागे २ मिलिग्रॅम, बाटली ७५ मिलिग्रॅमची. घास उतरत नाही म्हणून ४५ किलोवर आलेल्या माणसाला ९० मिलिग्रॅम, म्हणजे दोन बाटल्या. ७० किलोच्या माणसालाही दोनच. शिरेतून औषध दिल्यावर लगेच उजेड देत नाहीत. ४० ते ५० तास थांबतात. गरज पडली तर औषधाच्या दिवसापासून ९६ ते १२० तासांनी दुसऱ्यांदा उजेड. म्हणजे सोमवारी सकाळी इंजेक्शन, बुधवारी उजेड, शुक्रवार-शनिवारी पुन्हा उजेड. धाराशिवच्या कुटुंबाला हा सरळ आठवड्याचा मुक्काम. ५-एएलएला हेच काम तासांत होतं.

अंदाजपत्रकात कधीच न येणारा खर्च यापुढे सुरू होतो. औषध अंगात असेपर्यंत ऊन चालत नाही. ५-एएलएला एक-दोन दिवस. फोटोफ्रिनला किमान ३० दिवस, काहींना त्याहून बरेच जास्त. हे पथ्य चुकलं तर हातावर, तोंडावर भाजल्यासारखे फोड येतात. आता मजुरीचा हिशेब करा. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज. तीस दिवस बुडाले तर ९,३६०. सांभाळायला घरातलं एक माणूस अडकलं तर १८,७२०. ५-एएलएचे दोन दिवस दोघांचे धरले तरी १,२४८. डॉक्टरांनी दोन औषधांतला पर्याय ठेवला तर हा फरकही तोला. सोयाबीनची काढणी तोंडावर असेल तर तारीख ठरण्याआधीच डॉक्टरांना सांगा. पण काढणीसाठी कॅन्सरचा उपचार महिनाभर पुढे ढकलायचा नाही, त्यापेक्षा मळणीवाल्याला पैसे द्या.

पथ्याच्या बारीक गोष्टी डिस्चार्जच्या घाईत सांगायच्या राहतात. साधी सनस्क्रीन इथे उपयोगाची नाही, कारण त्रास दिसणाऱ्या उजेडाचा आहे. घट्ट विणीचे गडद कपडे, पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, हातमोजे, गडद गॉगल असं सगळं लागतं. पातळ पांढरा शर्ट आणि उपरणं पुरत नाही. पत्र्याच्या घरात उजेडासाठी मधे प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा बसवलेला असतो. त्याखाली खाट टाकू नका. मात्र काळोखात कोंडूनही घेऊ नका, घरातल्या साध्या उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होत जातं. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा एकाच बोटावर तासन्‌तास ठेवला तर तिथेही भाजू शकतं, तो अधूनमधून दुसऱ्या बोटाला लावायला सांगा. तीस दिवस झाले की लगेच शेतात जायचं नाही. आधी हाताचा थोडासा भाग दहा मिनिटं उन्हात धरायचा आणि दिवसभर लाली, सूज किंवा फोड येतात का ते बघायचं. ही परीक्षा चेहऱ्यावर करायची नाही. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी उन्हाचा त्रास आणखी वाढतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

पैसे कुठून

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्ड असलेलेही त्यात येतात. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजेस त्यात आहेत. पीडीटीसाठी मात्र ‘कॅन्सर योजनेत बसतो’ एवढ्यावर विसंबू नका. योजनेत रुग्णालय नोंदलेलं असावं लागतं आणि उपचाराचं नेमकं पॅकेजही मंजूर व्हावं लागतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा, डॉक्टरांनी लिहिलेलं उपचाराचं नाव दाखवा आणि मंजुरी आल्याशिवाय पैसे भरू नका. योजनेच्या रुग्णाकडे अनामत मागितली तर १५५३८८ वर तिथूनच फोन लावा. योजनेत दाखल झालेल्याला जेवण आणि एक वेळचं परतीचं भाडंही मिळतं. ते मागावं लागतं.

नेहमीच्या उपचारांसाठी दूर जायचीही गरज नसते. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल धाराशिवपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पुण्या-मुंबईत ट्रस्टची मोठी रुग्णालयं आहेत. त्यांना उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला प्रवासाला निघण्याआधी, घरी असतानाच काढा. मुंबईला जाऊन ‘दाखला राहिला’ म्हटलं की दोन दिवस आणि दोन भाडी जातात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो.

बायोप्सीचा मूळ ब्लॉक आणि काचपट्ट्या बरोबर न्या. मोठ्या रुग्णालयात त्याच पुन्हा तपासता येतात, नाहीतर दुसऱ्यांदा तुकडा काढायचा खर्च पडतो. इथल्या लॅबला त्या पावतीवर मागितल्या की मिळतात.

प्रवासाचं बघू. एस.टी.त कॅन्सर रुग्णाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. महिलांना तशीही निम्म्या भाड्यात आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट. बार्शीचं साध्या गाडीचं सत्तर-ऐंशी रुपयांचं तिकीट सवलतीत वीसेक रुपयांवर येतं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण माफी, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं; ते पहिल्याच भेटीत भरून घ्या, म्हणजे परतीच्या तिकिटालाही चालेल. फोटोफ्रिन घेतलेल्या रुग्णाने रात्रीचाच प्रवास करावा. लातूर-मुंबई एक्स्प्रेस धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडीवरून रात्रीतून धावते, ती या कामाला बरी. मुंबईत राहायला परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा या रुग्णांसाठीच आहेत. रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि जागेसाठी थांबावं लागतं, त्यामुळे पहिल्या दोन रात्रींची दुसरी सोय धरून चला.

ज्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही

उजेडाचा उपचार गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या बिघाडावरही करून पाहिला गेलाय, म्हणून हेही सांगायला हवं. १९९९ पासून याच जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या डॉ. बी. एम. नेने यांच्या चमूने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर एक प्रचंड चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. त्यांतल्या काही गटांतल्या स्त्रियांची एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली. आठ वर्षांत त्या गटांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटांत ६४. हे २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलं आणि जगभरच्या तपासणी धोरणांच्या चर्चेत तेव्हाच्या उस्मानाबादचं नाव गेलं. ज्या गावांमधल्या बायकांनी हे जगाला दाखवून दिलं, तिथल्याच घरातून आज कुणी शेवटच्या टप्प्यातल्या गाठीसाठी महागडा उजेड शोधत निघालं की मला चीड येते, रुग्णावर नव्हे, आपल्या आळसावर. तिशी ओलांडलेल्या बाईने जवळच्या सरकारी केंद्रात जाऊन तपासणीची तारीख विचारावी. सुरुवातीचा बिघाड सापडला तर तो काही मिनिटांच्या साध्या उपचारात जाळून टाकता येतो, त्याला पीडीटी लागत नाही.

सही करण्याआधी

जपानने सप्टेंबर २०२० मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी ‘अकॅलक्स’ नावाच्या औषधाला सशर्त मान्यता दिली. यात गाठीला चिकटणारं प्रतिपिंड आणि उजेडाने चेतणारा रंग जोडलेला आहे. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. तिथली मान्यता इथे चालत नाही. औषधाला भारताच्या औषध नियंत्रकांची परवानगी आहे का, हे विचारा. भारतात न मिळणारं औषध स्वतःसाठी मागवायचं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘नमुना १२-अ’मध्ये अर्ज करून परवाना काढावा लागतो. ‘माझा माणूस बॅगेतून आणून देईल’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

कुणी ‘संशोधनात घेतो’ म्हणालं तर ती चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदलेली आहे का, तिचा नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट करायची जबाबदारी २०१९ च्या नियमांनी चाचणी घेणाऱ्यांवर टाकली आहे. चाचणीच्या औषधाचेच पैसे कुणी मागत असेल तर हा प्रकार संशोधनाचा नाही. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवा.

खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे, असं राज्याचे २०२१ चे सुधारित नियम सांगतात. ते दिसलं नाही तर काउंटरवर मागा. उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. अर्ज लेखी करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त आकारलेली बाटली, न वापरलेली तार, न दिलेला दुसरा उजेड बिलात सापडला, तर आधी रुग्णालयाच्या तक्रार कक्षात आणि तिथे दाद लागली नाही तर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी लागत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही.